चेक सकाळी, पैसे संध्याकाळी

श्रोतेहो, नमस्कार.

सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक आज द्यायचा, पगार परवा होणार, आणि चेक वटायला दोन दिवस तरी जातीलच. हा मुंबईकरांचा जुना हिशोब. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तो चुकू लागला आहे.

पूर्वी बँका चेक गोळा करून गठ्ठ्याने क्लिअरिंगला पाठवत. आता सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात चेक स्कॅन झाला की त्याची प्रतिमा लगेच पुढे जाते. ज्या बँकेचा चेक, तिने संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही ते कळवायचं. काहीच कळवलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो. म्हणून सही करतानाच खात्यात रक्कम हवी. चेक परत आला तर बँकेचा आकार तर लागतोच, शिवाय चेक न वटण्याच्या गुन्ह्याबद्दलच्या कलम १३८ खाली नोटीसही येऊ शकते. चेक थांबवायचा असेल तर तेही लगेच कळवा, उद्यावर टाकू नका.

हा वेग ड्रॉप बॉक्सला लागू नाही, बरं का. पेटी बँकेच्या सवडीने उघडते. घाईचा चेक काउंटरवर द्या आणि स्लिपवर शिक्का घ्या.

चेक मंजूर करणाऱ्यासमोर कागद नसतो, फोटो असतो. सोसायटीचा रबरी शिक्का सहीवर बसला की सही ओळखू येत नाही. नावात किंवा रकमेत खाडाखोड झाली, तर बाजूला सही करूनही भागत नाही. सरळ नवा चेक फाडा. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ वापरा. चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम बँकेच्या अ‍ॅपवर आधीच भरायची. पाच लाखांपासून पुढे बँक ते सक्तीचं करू शकते. यात चूक होते ती नावाची: चेकवर संस्थेचं पूर्ण नाव आणि अ‍ॅपवर नुसतं ‘सोसायटी’. दोन्हीकडे एकच लिहा.

यूपीआयचं थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागायची ‘कलेक्ट’ विनंती बंद झाली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढं पक्कं धरा. भाजी, रिक्षा, कटिंग चहा यांसाठी यूपीआय लाइट सोयीचं: एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय, शिल्लक जास्तीत जास्त ५,०००. पण पिन नाही, म्हणून लाइटमध्ये गरजेपुरतेच ठेवा, आणि फोन बदलण्याआधी ते बंद करून शिल्लक खात्यात परत घ्या. फसवणूक झालीच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकीची चौकशी मग. चोरीचा पैसा मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात फिरतो.

आता निवांत वाचनाचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं; कथा-कादंबऱ्यांसाठी तिथली वर्गणी सत्कारणी लागते. पैशाचा इतिहास आवडत असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय बघा, आणि मग त्यावरची पुस्तकं घ्या. क्रम उलटा केलात तर कंटाळाल. आणि रिझर्व्ह बँकेच्याच संकेतस्थळावर ४० फसवणुकींची एक सचित्र पुस्तिका फुकट मिळते. एकेक किस्सा इतका छोटा की दादर ते वांद्रे प्रवासात दोन-तीन सहज होतात, बसायला जागा मिळाली नाही तरी.