पाचशे मीटरच्या आत

मे महिन्यातली रात्र. लातूर जिल्ह्यातल्या एका शिवारात बोअरची गाडी लागली आहे. दोनशे फूट झाले, चारशे झाले. वर येतेय ती नुसती धूळ. खाली काळा बेसाल्ट. या दगडात पाणी मुरतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. खोल गेलं म्हणून पाणी लागेलच असं नाही. तरी शेतकरी कर्ज काढून खोल जातो, कारण उभा ऊस डोळ्यांदेखत वाळतोय.

गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर इथून हाकेच्या अंतरावर आहे.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम राज्यात १९९३ च्या कायद्यानं आला. २००९ च्या कायद्यानं तर शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायलाच बंदी घातली. तो लागू झाला २०१४ मध्ये. पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्तीही १९९३ मध्येच अमलात आली. पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत जलव्यवस्थापन आहे, पाणलोट विकास आहे. विषय गावाकडे आला. कारवाईचा अधिकार वर, महसुली अधिकाऱ्यांकडे राहिला. गाडी कुठं लागली हे गावाला त्याच रात्री कळतं. तालुक्याला कळेपर्यंत गाडी पुढच्या गावात गेलेली असते.

मग गाव तक्रार का करत नाही? लोकांत एकी नाही, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. बोअर मारणारा भावकीतला असतो. बांधाला बांध लागलेला. त्याच्या घरचं लग्न चार दिवसांवर आलेलं असतं, आणि त्याचीही बाग खरोखरच जळत असते. अशा माणसाविरुद्ध अर्ज द्यायचा, तोही दुसऱ्यानं निकाल द्यावा म्हणून!

विहीर आटली की तहसील कार्यालय गावातलाच एखादा खासगी बोअर अधिग्रहित करतं. मालकाला मोबदला मिळतो. तो बोअर पाचशे मीटरच्या आतलाही असू शकतो.

शिवाय पाणी गावाची शीव मानत नाही. वरच्या गावानं अडवलेलं, मुरवलेलं पाणी खालच्या शिवारात उपसलं जातं, आणि या दोन ग्रामसभा कधी एकत्र बसत नाहीत.

१ मे. ग्रामसभा. ग्रामसेवकानं प्रोसिडिंगची वही उघडलीय: 'विहिरीच्या परिसरात नवीन बोअर घेऊ नये.' ठरावाखाली दोन नावं लागतात, सूचक आणि अनुमोदक. ग्रामसेवक मान वर करून बघतात. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या आजी म्हणतात, "लिही माझं."

दुसरी जागा अजून कोरी आहे.