फुलावरचा तपकिरी डाग

(पडदा काळा. फक्त आवाज.)

हा आवाज नीट ऐका. घूंऽऽ असा सपाट, खालच्या पट्टीतला आवाज येतोय, तोवर बंबलबी, म्हणजे मधमाशीची जाडजूड, लवदार नातेवाईक, हवेत आहे. आता तो थांबला. आणि आता हे: झूंऽ... झूंऽ... झूंऽ. तुटक आणि चढा. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकाच्या आसपासचा स्वर. सेकंदाला साधारण २०० ते ४०० कंपनं. हा आवाज काढताना माशी उडत नाहीये. तिने पंख पाठीवर मिटून घेतलेत आणि एका फुलाला जबड्याने घट्ट धरलंय.

(पडदा उजळतो. टोमॅटोचं फूल, अगदी जवळून.)

टोमॅटोचं फूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण खालून वाकून फारसं कुणी बघत नाही. पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधोमध खाली तोंड करून लोंबणारा एक पिवळा सुळका. पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेला हा सुळका म्हणजे परागांची बंद डबी. पराग आत असतात आणि बाहेर पडायची वाट फक्त टोकाशी. भोकं पाडलेल्या डबीतून रांगोळी घालताना डबीला हलके धक्के द्यावे लागतात, तसंच इथेही. हलवल्याशिवाय काही पडत नाही.

शेतात हे काम वारा करतो. नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट येणारा टोमॅटो उघड्या रानातला असतो. फूल स्वपरागी, झाड वाऱ्यावर डुलतं, फळ धरतं. शेतकऱ्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

पण आपण आत्ता जिथे आहोत तिथे वारा नाही.

(दृश्य: आकाशातून. ईरी सरोवराचा काठ आणि त्यालगत दूरवर चमकणारी छपरं.)

हे कॅनडातलं लेमिंग्टन, ओंटारियो प्रांताचं दक्षिण टोक. जवळच पॉइंट पेली हे कॅनडाच्या मुख्य भूमीचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक आहे. टोमॅटो हीच या गावाची ओळख. १९०९ पासून २०१४ पर्यंत इथे हाइन्झ या केचपच्या कंपनीचा कारखाना चालला. गावात माहिती केंद्राची टपरीसुद्धा टोमॅटोच्या आकाराची आहे. आता इथली मोठी शेती हरितगृहांत चालते. छपराखालची एवढी दाट शेती उत्तर अमेरिकेत क्वचितच कुठे असेल.

(दृश्य: हरितगृहाच्या आत. दोरीला टांगलेल्या वेली, जमिनीवर गरम पाण्याचे पाइप, त्यांच्यावरून सरकणारी गाडी.)

आतला टोमॅटो दोरीवर चढतो. वेल जसजशी वाढते तसतशी दोरी सैल करून ती खाली उतरवतात, म्हणून देठ जमिनीवर वेटोळं घालून पडलेला आणि शेंडा कायम डोक्याच्या वर. ऊब, पाणी, खत सगळं मोजून. पण हवा स्तब्ध. फुलं धरतात आणि सुळक्यातले पराग सुळक्यातच राहतात. परागीकरण अर्धवट झालं तर फळात बी कमी भरतं, आणि बी कमी म्हणजे फळ लहान, कधी कोनेदार, कापलं तर आत पोकळ.

मग पूर्वी काय करायचे? माणसं हातात विजेवर थरथरणारी कांडी घेऊन ओळीओळीने फिरायची. प्रत्येक घोसाला कांडी टेकवायची, पुढे जायचं. आठवड्यातून दोनतीनदा, सगळी हरितगृहं, सगळा हंगाम. हेक्टरी किती घोस होतात याचा नुसता विचार करून पाहा. त्या कांडीच्या मागे किती माणसांचे खांदे दुखले असतील, ते कुठल्याही ताळेबंदात सापडत नाही.

१९८५ मध्ये बेल्जियममध्ये रोलँड दे योंगं या पशुवैद्याने बंबलबीची एक वसाहत टोमॅटोच्या हरितगृहात ठेवून पाहिली. पशुवैद्यकी हा त्यांचा व्यवसाय, बंबलबी हा छंद. कांडीचं काम माश्यांनी उचललं, आणि तेही कांडीपेक्षा चांगलं केलं. १९८७ मध्ये त्यांनी बायोबेस्ट ही कंपनी काढली. पाठोपाठ नेदरलँड्समध्येही पैदास सुरू झाली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लेमिंग्टनच्या हरितगृहांत संशोधक पीटर केव्हन आणि त्यांचे सहकारी या माश्यांवर अभ्यास करू लागले. एका अंदाजानुसार २००४ साली जगभरात वर्षाला दहा लाखांच्या आसपास वसाहती तयार होत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक टोमॅटोसाठीच.

बंबलबीची वसाहत एका वर्षाची धनी. थंड प्रदेशात हिवाळा आला की सगळ्या मरतात, उरतात त्या फलित राण्या, जमिनीत झोपलेल्या. मग हरितगृहाला वर्षभर माश्या कुठून आणायच्या? राणीला कार्बन डायऑक्साइडची गुंगी दिली, की ती हिवाळ्याची झोप न घेताच अंडी घालू लागते, हे संशोधकांच्या हाती लागलं आणि माश्या पेटीत घालून विकण्याचा हा सगळा व्यवहार शक्य झाला.

(दृश्य: ओळीच्या टोकाला पुठ्ठ्याची पेटी. छोट्या गोल दारातून एक माशी बाहेर येते.)

ही ती पेटी. बाहेर पुठ्ठा, आत प्लास्टिकचं घर, खाली साखरेच्या पाकाची पिशवी. पाक कशासाठी, तर टोमॅटोच्या फुलात मध नसतो. माशीला तिथे मिळतात ते फक्त पराग, पिल्लांना भरवायला. स्वतःच्या पोटाची सोय पेटीतच करून द्यावी लागते.

माशीचं नाव बॉम्बस इम्पेशन्स. पूर्व उत्तर अमेरिकेतली, म्हणजे इथलीच. छातीवर पिवळी लव, मागचा भाग काळा. मराठीत हिला भुंगा म्हणावं, असं सहज मनात येतं. पण आपला भुंगा वेगळा. वाशांना आणि बांबूला भोक पाडून राहणारा तो काळा कुळकुळीत भुंगा हिचा नातेवाईक. बंबलबी सह्याद्रीत नाही, आपल्याकडे ती हिमालयात आणि ईशान्येत आहे. हिमाचलात सोलनजवळ नौणीच्या उद्यानविद्या आणि वनविद्या विद्यापीठात तिथल्याच बंबलबीला पेटीत वाढवून टोमॅटोवर सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र फुलाला धरून थरथरवण्याची ही कला आपल्या भुंग्यालाही येते. वांग्याच्या शेतात सकाळी उभं राहा. फुलावर भुंगा बसला, की त्याचा आवाज एकदम बदललेला ऐकू येईल. मधमाशीला मात्र हे जमत नाही.

(दृश्य: अतिशय जवळून, संथ गतीत. माशी फुलाला लटकलेली.)

आता पाहा. ती सुळक्याला खालून लटकली. जबड्याने वरची बाजू पकडली, पोट सुळक्याच्या टोकाखाली वाकवलं. तिच्या छातीत उडण्याचे दणकट स्नायू आहेत. त्यांची पंखांशी असलेली जोडणी ती सैल करते आणि नुसते स्नायू थरथरवते. सगळी थरथर जबड्यातून फुलात उतरते. आणि हा बघा, टोकातून पराग सुटला. तिच्या पोटावरच्या लवेवर पांढरट धूळ. त्यातलेच काही कण फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर. झालं. दोनचार सेकंदांचं काम.

ती गेली. पण थोडं थांबा, फुलावरच राहा.

(दृश्य: तेच फूल. काही तासांचा काळ काही सेकंदांत. सुळक्यावर फिकट ठसे उमटतात आणि गडद होत जातात.)

जिथे जबडा रुतला होता, तिथे डाग पडतोय. आधी फिकट, मग तपकिरी. लेमिंग्टनचा शेतकरी सकाळी ओळीतून फिरताना हाच डाग शोधतो. मिटू लागलेली कालची फुलं उलटून बघतो. डाग दिसला, म्हणजे माशी येऊन गेली. ज्या फुलांवर डाग नाही, त्यांची काळजी. माशी डोळ्यांसमोर नसतानाही ती आली होती की नाही, हे सांगणारी एवढी सोपी खूण निसर्गात क्वचितच मिळते. संशोधकांनी तीच मोजपट्टी केली.

लोरा मोरांडिन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात फुलांची डागांप्रमाणे प्रतवारी केली: अजिबात डाग नसलेल्या फुलांपासून गडद डागांच्या फुलांपर्यंत. त्या त्या फुलांना लागलेली फळं मग तपासली. डाग नसलेल्या फुलांच्या तुलनेत डाग असलेल्यांची फळं सरस, हे अपेक्षितच होतं. मोलाची गोष्ट पुढची. थोड्या भेटींनंतर फळ सुधारणं थांबतं. डाग कितीही गडद झाला, तरी फळात फारशी भर पडत नाही. म्हणजे जास्त पेट्या ठेवल्या की जास्त टोमॅटो, हा हिशेब चुकीचा. उलट माश्या फार आणि फुलं कमी झाली, तर एकाच फुलावर पुन्हा पुन्हा चावे बसतात आणि फूलच खराब होतं.

याच संशोधकांनी एक वेगळा प्रश्नही हाती घेतला. पेटीतल्या माश्या कमी का होतात? जातात कुठे?

(दृश्य: छपराची उघडी झडप. प्लास्टिकपलीकडे पांढरट आकाश.)

वर बघा. हरितगृहाचं प्लास्टिक एकसारखं नसतं. काही प्रकार सूर्यप्रकाशातले अतिनील किरण अडवतात. पांढरी माशी आणि करडी बुरशी आटोक्यात राहावी म्हणून शेतकरी ते पसंत करतात. आपल्याला आत उभं राहून काहीच फरक दिसत नाही. पण बंबलबीला अतिनील दिसतं. तिच्या डोळ्यांना ते छप्पर आपल्यासारखं दिसत नाही. अतिनील अडवणाऱ्या छपरांखालून माश्या वायुवीजनाच्या झडपांमधून जास्त प्रमाणात बाहेर गेल्या. अतिनील आत येऊ देणाऱ्या छपरांखाली त्या अधिक टिकल्या. ज्या छपराने एक कीड रोखली, त्याच छपराने कामकरी माशी गमावली. आणि ती बाहेर पडली.

ही गोष्ट मनात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

लेमिंग्टनपासून थोड्या अंतरावर हॅरो इथे कॅनडा सरकारचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथले लेस शिप आणि ग्वेल्फ विद्यापीठातले पीटर केव्हन यांनी त्याच फुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. माशी फुलागणिक जातेच आहे, तर तिच्या हाती आणखी काही पाठवता येईल का? त्यांनी पेटीच्या दाराशी एक उथळ तबक बसवलं. बाहेर पडणारी माशी त्यातली पूड तुडवत जाते. पुडीत उपयोगी बुरश्या: किडींना मारणारी बोव्हेरिया आणि करड्या बुरशीला रोखणारी क्लोनोस्टॅकिस. पायांना, लवेला चिकटलेली पूड फुलावर, पानावर उतरते. फवारणीचा पंप नाही, ढग नाही, औषध हवं तिथेच पडतं. मला स्वतःला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. माशी जाते ती सोबत काहीतरी घेऊन जाते आणि तिथे काहीतरी ठेवून येते, हे ओळखून केलेलं काम.

पण ठेवून येण्याची हीच गोष्ट छपराबाहेर पोहोचली तर?

(दृश्य: हरितगृहाची मागची बाजू. कुंपण, पलीकडे रानफुलं. जाळी घेतलेली एक व्यक्ती वाकलेली.)

झडपेतून निसटलेली माशी बाहेरच्या फुलांवर जाते. तिथे जंगली बंबलबी येतात. २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी शीला कोला, मायकल ओटरस्टॅटर, रॉबर्ट गेगर आणि जेम्स थॉमसन यांनी दक्षिण ओंटारियोत हरितगृहांजवळच्या रानातून बंबलबी पकडून त्यांची आतडी तपासली. पेटीतल्या माश्यांमध्ये आढळणारा क्रिथिडिया हा आतड्यातला परजीवी हरितगृहांच्या लगतच्या जंगली माश्यांमध्ये जास्त सापडला. लांब गेलं की कमी. हा परजीवी फुलावरून पसरतो. एक माशी ठेवून जाते, दुसरी उचलते. आजारी माशीला कोणत्या फुलात काय मिळतं, हे शिकायला वेळ लागतो, हेही याच गटातल्या संशोधकांनी दाखवलं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे तर बॉम्बस ऑक्सिडेंटॅलिस या जातीची पेट्यांसाठी पैदास चालायची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस नोझेमा या रोगाने ती पैदासच कोसळली. तिथल्या हरितगृहांना मग पूर्वेची इम्पेशन्स पाठवली जाऊ लागली. जपानने १९९०च्या दशकात युरोपातली माशी आणली. ती होक्काइदोच्या रानात पसरली आणि २००६ मध्ये तिला कायद्याने आक्रमक ठरवावं लागलं. चिलीत आणलेली तीच माशी अँडीज ओलांडून अर्जेंटिनात गेली आणि तिथली बॉम्बस डाहलबॉमी, जगातली सर्वांत मोठी बंबलबी, मागे हटत गेली. आपल्याकडे कुणी परदेशी बंबलबीच्या पेट्या आणायचं सुचवलं, तर आधी होक्काइदो आणि अँडीज आठवावेत, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडे भुंगा आहे, निळ्या पट्ट्यांची माशी आहे. त्यांचा अभ्यास आधी व्हावा.

(दृश्य: पाइनरी प्रांतीय उद्यान. वाळूच्या टेकड्या, ओकची झाडं, ऊन.)

लेमिंग्टनच्या उत्तरेला ह्युरॉन सरोवराच्या काठी पाइनरी नावाचं उद्यान आहे. पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली बॉम्बस अफिनिस ही बंबलबी कधीकाळी दक्षिण ओंटारियोत सर्रास दिसायची. कॅनडात तिची शेवटची नोंद इथलीच, २००९ सालची. शीला कोला यांनीच ती पाहिली होती. ती नाहीशी होण्यात हरितगृहांचा वाटा किती, शेतीतल्या विषांचा किती, हरवलेल्या रानफुलांचा किती, यावर अजून काम चालू आहे. संशोधक आजही दर उन्हाळ्यात जाळी घेऊन तिला शोधायला येतात.

(दृश्य: पुन्हा लेमिंग्टन. संध्याकाळ. हरितगृहाच्या कुंपणालगत जांभळी रानफुलं.)

संध्याकाळ होतेय. आत एक कामगार पेट्यांची दारं फिरवतोय. उद्या फवारणी आहे. दार असं फिरवलं, की बाहेरची माशी आत येऊ शकते, आतली बाहेर जाऊ शकत नाही. अंधार पडेपर्यंत बहुतेक सगळ्या घरी परततील.

कुंपणाच्या या बाजूला मात्र अजून उजेड आहे. या जांभळ्या फुलावर एक बंबलबी बसली आहे. छातीवर पिवळी लव, मागचा भाग काळा. तिच्या शेजारच्या फुलावर दुसरी. तशीच पिवळी लव, तसाच काळा भाग. दोन्ही इम्पेशन्स. एक कदाचित आज दुपारी झडपेतून निसटलेली, दुसरी याच बांधाच्या मातीत जन्मलेली. कॅमेरा कितीही जवळ नेला, तरी कोणती कुठली, ते ओळखता येत नाही.

पहिली उडाली. दुसरी सरकून तिच्या फुलावर आली.

(आवाज: घूंऽऽ. पडदा काळा.)