‘डोकं जड वाटतंय’ असं म्हणायची मुभा

(गणेशोत्सव मेळाव्यात पालकांच्या सत्रात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला विषय दिला तो मुलांचे खेळ आणि डोक्याची दुखापत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोक्याला मार बसल्यावर ज्यांना चक्कर येते, तोल जातो, पुस्तकातल्या ओळी हलताना दिसतात, अशा माणसांबरोबर मी काम करते. त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ असतात. पण मुलांकडे वळण्याआधी मला काही व्यावसायिक खेळाडूंबद्दल बोलायचं आहे. अमेरिकन फुटबॉलमधले, ऐन भरात खेळ सोडून दिलेले. त्यातला पहिला तर आपल्या गावचाच म्हणायला हवा.

२०१४ साली कॅलिफोर्नियातलं, आपल्या सँटा क्लाराचं लीवाईज स्टेडियम नवं कोरं होतं. त्या पहिल्याच हंगामात इथल्या फोर्टीनाइनर्स संघाकडून ख्रिस बोरलंड नावाचा एक मुलगा खेळला. लाइनबॅकर, म्हणजे चेंडू घेऊन सुसाट येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडणं, म्हणजेच टॅकल करणं, हे त्याचं काम. संघाचा मुख्य लाइनबॅकर पॅट्रिक विलिस जखमी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि त्यानं अर्ध्या हंगामात शंभराहून अधिक टॅकल केले. सगळे म्हणाले, संघाला पुढच्या दहा वर्षांचा लाइनबॅकर मिळाला. आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. चार वर्षांचा, सुमारे ३० लाख डॉलरचा करार त्यानं सोडला. साइनिंग बोनसचा तीन चतुर्थांश भाग परत केला. त्याला कुठलीही मोठी दुखापत झालेली नव्हती. त्यानं मेंदूच्या आजाराबद्दल वाचलं होतं, संशोधकांशी आणि माजी खेळाडूंशी बोलणं केलं होतं, आणि हा धोका पत्करण्याजोगा नाही असं त्याचं मत झालं होतं.

त्यानं पुढे मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हंगामाआधीच्या सराव शिबिरात एकदा त्याच्या डोक्याला जोराचा मार बसला. आपल्याला बहुतेक कन्कशन झालंय, म्हणजे हिसक्यानं मेंदूचं काम काही काळ बिघडलंय, हे त्याला कळलं. तो कुणाला बोलला नाही. त्याला संघात जागा मिळवायची होती, म्हणून तो तसाच खेळत राहिला. आणि त्याच वेळी मनात प्रश्न आला, की उभं तारुण्य मी असं डोकं आपटण्यात घालवणार आहे का? हंगाम सुरू होण्याआधीच त्यानं आई-वडिलांना पत्र लिहून कळवलं होतं की माझी कारकीर्द फार लांबणार नाही.

म्हणजे पुढे ज्याला सगळं सोडून द्यायचं धैर्य झालं, त्यालासुद्धा त्या दिवशी ‘माझं डोकं ठीक नाही’ एवढं वाक्य म्हणता आलं नाही. मला आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर एमआरआयमध्ये दिसतो. कन्कशनचं तसं नसतं. सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो, कारण तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही, बहुतेकांची हरपत नाही. मग निदान कशावर करायचं? थोडंफार डोळ्यांच्या हालचालींवर, तोलावर, स्मरणशक्तीच्या चाचण्यांवर, आणि बरंचसं त्या माणसाच्या सांगण्यावर. तो जे लपवील ते आम्हाला सहजासहजी सापडत नाही. आणि एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, लपवायची कारणं भरपूर आहेत. बहुतेकांच्या करारातले पैसे पूर्ण हमीचे नसतात, सरासरी कारकीर्द जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची, आणि जागा घ्यायला बाकावर कुणीतरी टपून बसलेलं असतंच.

हेल्मेट असतंच की, असं मला नेहमी विचारतात. हेल्मेट कवटी वाचवतं. पातेल्यावर कितीही घट्ट झाकण बसवलं तरी हिसका बसला की आतलं दही फुटतंच. मेंदू तितकाच मऊ आहे. डोकं झटकन वळलं की आतले लांब चेतातंतू ताणले जातात. अशा ताणानंतर टाऊ नावाचं प्रथिन आपली जागा सोडून गुठळ्या करू लागतं. हे वर्षानुवर्षं चाललं तर मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती ते साचत जातं. या आजाराला थोडक्यात सीटीई म्हणतात. विस्मरण, चिडचिड, नैराश्य, स्वतःवरचा ताबा सुटणं, शेवटी स्मृतिभ्रंश. आजही त्याचं नक्की निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

बॉक्सिंग करणाऱ्यांमध्ये हे १९२८ पासून नोंदलेलं आहे. फुटबॉलपटूत ते पहिल्यांदा दिसलं पिट्सबर्गमध्ये. माइक वेबस्टर हा तिथल्या स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा, चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकलेला. निवृत्तीनंतर त्याचं आयुष्य इतकं विस्कटलं की काही काळ तो आपल्या ट्रकमध्येच राहत होता. २००२ मध्ये पन्नाशीतच तो गेला. शवविच्छेदन केलं डॉ. बेनेट ओमालू यांनी. नायजेरियाहून आलेला तरुण डॉक्टर, अमेरिकन फुटबॉलचं फारसं ज्ञान नसलेला. मेंदू वरून अगदी सर्वसाधारण दिसत होता, तरीही त्यांनी तो जतन करून काप तपासले. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि एनएफएलच्या समितीवरच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी मागणी केली. निबंध मागे घेतला गेला नाही. परक्या देशातून आलेला, मोठी ओळख नसलेला माणूस, समोर एवढं बलाढ्य संघटन, आणि तो आपल्या सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या गोष्टीवर ठाम राहिला. आपण सगळे बाहेरून इथे आलेले लोक आहोत. त्यामुळे मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे हे जाहीरपणे मान्य केलं ते मार्च २०१६ मध्ये. तोपर्यंत माजी खेळाडूंनी लीगवर भरलेल्या खटल्यात तडजोड झाली होती आणि तिची भरपाई आता १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

जुलै २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या डॉ. ॲन मॅकी यांच्या गटाचा अभ्यास आला: १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० जणांत सीटीई. हा आकडा सगळीकडे फिरतो आणि बऱ्याचदा चुकीचा वाचला जातो. हे मेंदू दान झालेले होते, आणि ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडल्याचं दिसत होतं तेच बहुधा दान करतात. म्हणून शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ काढू नका. पण याच गटाच्या पुढच्या कामातून दोन गोष्टी दिसल्या, त्या मात्र मनावर घ्या. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येपेक्षा किती वर्षं खेळलात याचा सीटीईशी जास्त घट्ट संबंध आहे. टॅकल फुटबॉलच्या दर वर्षागणिक सीटीई असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे ज्या धडकेनंतर कुणाला काहीच झालं नाही, त्या हजारो धडकाही हिशेबात येतात. लवकर सोडणाऱ्यांच्या निर्णयात शहाणपण दिसतं ते इथे.

तो अभ्यास आल्यावर दोनच दिवसांनी बाल्टिमोर रेव्हन्सच्या जॉन अर्शलनं निवृत्ती जाहीर केली. वय २६. हा मुलगा खेळता खेळता एमआयटीमध्ये गणितात पीएचडी करत होता. वर्तमानपत्रांनी त्या दोन बातम्यांची सांगड घातली, पण त्यानं स्वतः कारणं दिली ती पहिलं बाळ येणार आहे आणि गणित पूर्णवेळ करायचं आहे ही. मला त्याची २०१५ मधली हकिगत जास्त बोलकी वाटते. सरावात कन्कशन झाल्यावर तो साधारण तीन आठवड्यांत खेळायला तयार झाला. पण उच्च गणितात आकृती डोळ्यांसमोर उभी करायची ताकद परत यायला त्याहून जास्त वेळ लागला, असं तो सांगतो. मैदानासाठी बरा होता, गणितासाठी नव्हता. त्याच्याकडे मेंदू तपासायचं असं बारीक माप होतं, म्हणून ते कळलं. दहावीतल्या मुलाच्या बाबतीत ते आपल्याला कसं कळणार? ‘हल्ली अभ्यासात लक्षच नाही याचं’ असं आपण म्हणतो, तेव्हा मागच्या महिनाभरात डोक्याला काही लागलं होतं का, हेही एकदा विचारा. अर्शल आज एमआयटीमध्ये गणित शिकवतो.

फेब्रुवारी २०१६ चा सुपर बोल लीवाईजवर झाला तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात हरलेल्या कॅरोलायना पँथर्सकडून ल्यूक कीकली खेळत होता, त्या पिढीतला सर्वोत्तम लाइनबॅकर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डोक्याला मार बसल्यावर छोट्या गाडीत बसवून मैदानाबाहेर नेताना तो धाय मोकलून रडत होता आणि ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. जानेवारी २०२० मध्ये, अठ्ठावीसाव्या वर्षी, तो थांबला. निरोपाच्या बोलण्यात त्यानं कन्कशनकडे बोट दाखवलं नाही. हा खेळ वेगानं आणि ताकदीनंच खेळता येतो आणि तसा आपण आता खेळू शकू का याची खात्री नाही, एवढंच तो म्हणाला.

सगळे सोडत नाहीत. तेव्हा मायामीकडून खेळणारा टुआ टँगोवायलोआ २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एका सामन्यात डोकं आपटून लडखडला, तरी त्याच सामन्यात परत उतरला आणि चारच दिवसांनी दुसऱ्या सामन्यातून स्ट्रेचरवर गेला. त्यानंतर लीगला नियम बदलावा लागला: तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत मैदानात नाही. टुआनं निवृत्तीचा विचार केला, मग नीट पडायला शिकावं म्हणून जुजुत्सूचे धडे घेतले आणि परत आला. २०२४ मध्ये त्याला पुन्हा कन्कशन झालं. मी त्याला दोष देणार नाही. पण त्याला पाहताना माझा जीव खालीवर होतो.

क्रिकेटवाले म्हणतील, हे आमचं नाही. जानेवारी २०२१ ची सिडनी कसोटी आठवा, विहारी आणि अश्विननं वाचवलेली. त्यात ऑस्ट्रेलियाकडून विल पुकोव्स्कीनं पदार्पणात ६२ धावा केल्या होत्या. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. लहानपणापासून डोक्याला लागत गेलं, मार्च २०२४ मध्ये रायली मेरेडिथचा चेंडू हेल्मेटवर बसला आणि २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यानं बॅट ठेवली. डोक्याला लागलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घ्यायची सोय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून आहे. जडेजाच्या जागी चहल आला तेव्हा केवढा वाद झाला होता! तो नियम फार मोलाचा आहे. खेळाडू बाहेर बसला तर संघ एका माणसानं कमी पडत नाही, त्यामुळे खरं बोलायची किंमत कमी होते.

आता आपल्या घरात येऊ. आपली मुलं टॅकल फुटबॉल कमी खेळतात, सॉकर खूप खेळतात. बोरलंडचं पहिलं निदान झालेलं कन्कशन आठवीत असताना सॉकर खेळताना झालेलं होतं. सॅन होजेची ब्रँडी चॅस्टेन, १९९९ चा महिला सॉकरचा विश्वचषक जिंकून देणारी, तिनं २०१६ मध्ये आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं ठरवलं. तिला आजार आहे म्हणून नव्हे, आयुष्यभर हेडिंग केल्याचं, म्हणजे डोक्यानं चेंडू मारल्याचं, काय होतं ते पुढच्यांना कळावं म्हणून. मुलींच्या आयांना माझं खास सांगणं आहे, हा फक्त मुलग्यांचा विषय समजू नका. यूएस सॉकरच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हेडिंग करायचंच नाही आणि अकरा ते तेरा वयात सरावात अगदी मोजकं. तुमचे कोच हे पाळतात का, मैदानावर जाऊन बघा.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारते, त्याच दिवशी का नाही सांगितलंस? उत्तरं साधी असतात. कोच पुढच्या मॅचला बसवतील. बाबा एवढ्या लांब गाडी चालवत घेऊन आले होते. कॉलेजच्या अर्जात व्हर्सिटीचं, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाचं, नाव लागणार आहे. आजोबा म्हणतात, आम्ही कबड्डीत डोकी फोडून घ्यायचो. यातलं काहीच मुलांनी स्वतःहून आणलेलं नाही, हे आपल्याकडून गेलेलं आहे. ‘उठ, काही नाही झालं’ हे आपण प्रेमानंच म्हणतो. गुडघा खरचटला तर जरूर म्हणा. डोक्याला लागलं तर म्हणू नका. तिथे मुलानं सांगितलेलं पहिलं वाक्य खरं मानायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि सामना कितीही महत्त्वाचा असला तरी ‘शाब्बास, सांगितलंस ते बरं केलंस’ असं कोचसमोर म्हणायचं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. कॅलिफोर्नियात शाळेच्या संघातल्या मुलाला कन्कशनचा संशय जरी आला तरी त्या दिवशी त्याला बाहेर काढावंच लागतं. परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय परत घेता येत नाही. निदान झालं तर टप्प्याटप्प्यानं परत येण्याचा काळ किमान सात दिवसांचा. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, फीट आली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली किंवा मूल उठवूनही जागं होईना, तर ९११ ला फोन करा, कुणा ओळखीच्या डॉक्टरकाकांना शोधत बसू नका. आणि साध्या कन्कशनमध्ये मुलाला आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची जुनी पद्धत आता सोडलेली आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं, हलका व्यायाम, थोडी शाळा.

मला विचाराल तर चौदा वर्षांखालच्या मुलाला मी टॅकल फुटबॉलला घालणार नाही. फ्लॅग फुटबॉल आहे, त्यात अंगावर घेऊन पाडत नाहीत, कमरेची पट्टी ओढतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो असणार आहे. हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं आणि त्यावर नंतर भांडायला मी इथेच आहे.

एक काम मात्र या महिन्यात करा. शाळेत ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे मैदानावर दुखापती बघणारी व्यक्ती, असेल तर त्याला किंवा तिला भेटा. कॅलिफोर्नियात या कामासाठी राज्याचा परवाना लागत नाही, म्हणून राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे का ते संकोच न करता विचारा. सामन्याला आणि सरावाला, दोन्हीला कुणी हजर असतं का तेही विचारा. आणि हंगामाआधी तुमच्या सहीसाठी कन्कशनच्या माहितीचा जो कागद घरी येतो, तो मुलासमोर बसून मोठ्यानं वाचा. शक्यतो मराठीत समजावून सांगा, म्हणजे आजी-आजोबांच्याही कानावर पडेल.

आता प्रश्न घेऊ. मुलांनी आधी विचारा, मोठ्यांनी नंतर.