बिल्ल्यावरचं नाव

(दृश्य: सकाळ. डोंगर. फुटपाथला लागून थांबलेली गाडी.)

गाडी थांबली की फार वेळ नसतो. डिकी उघडायची, दोन मोठ्या बॅगा काढायच्या, आईला मिठी, बाबांना मिठी, धाकटी बहीण गाडीतून उतरतच नाही कारण तिला सगळ्यांसमोर रडायचं नसतं, आणि तेवढ्यात सूट-टाय घातलेला एक मुलगा पुढे येतो, एक बॅग उचलतो आणि म्हणतो, चल. झालं. मागे दुसरी गाडी येऊन उभी असते. आता दोन वर्षं हा पोरगा घरी येणार नाही.

हे अमेरिकेतलं यूटा राज्य, गाव प्रोव्हो. मागे दिसतेय ती वासॅच डोंगररांग, आणि डोंगराच्या अंगावर जे भलंमोठं पांढरं वाय अक्षर आहे ते शेजारच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचं. आणि या इमारती म्हणजे मिशनरी ट्रेनिंग सेंटर, इथे सगळे एमटीसी म्हणतात. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखतं, त्यांची तरुण मुलं-मुली जगभर धर्मप्रचाराला जातात, मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष, आणि जायच्या आधी भाषा शिकायला इथे येतात. 1961 मध्ये याची सुरुवात झाली ती व्हिसाची वाट बघत बसलेल्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवण्यापासून. 1976 ला या जागेवर इमारती उभ्या राहिल्या, 1978 ला आजचं नाव मिळालं, 2017 ला दोन नवीन सहा मजली इमारती झाल्या. आज इथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात.

धर्मप्रचार म्हटलं की आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात, मला माहितेय, आणि त्यावर बोलायला भरपूर आहे. पण या व्हिडिओत मला वेगळंच काहीतरी दाखवायचंय. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर दुसऱ्याच्या भाषेसमोर बसतं तेव्हा त्याचं काय होतं, ते.

आपला हा पोरगा असाच एक, नाव नको घेऊया, कारण अशा हजारो पोरांचा आठवडा साधारण असाच जातो. तसंही इथे आल्यावर पहिलं नाव कोणी वापरतच नाही. मुलगा असेल तर एल्डर आणि पुढे आडनाव, मुलगी असेल तर सिस्टर आणि आडनाव. एल्डर म्हणजे खरं तर वडीलधारा. वय अठरा. 2012 पर्यंत मुलांना एकोणीस पूर्ण लागायची, तेव्हापासून अठरा चालतात, म्हणजे शाळा संपली की बरेचजण थेट इथेच.

आणि याला जायचंय जपानला.

(दृश्य: काळा बिल्ला, जवळून.)

पहिल्या दिवशी हातात येतो तो हा बिल्ला. काळा, प्लास्टिकचा, कोटाच्या खिशावर लावायचा. त्यावर पांढऱ्या अक्षरात त्याचं आडनाव आणि चर्चचं नाव, पण जपानीत. म्हणजे गंमत बघा, स्वतःचंच नाव छातीवर आहे आणि ते त्याला वाचता येत नाही! जपानीत परक्या नावांसाठी काताकाना नावाची वेगळी लिपी आहे आणि त्यात प्रत्येक आवाज जपानी जिभेत बसवून लिहितात. समजा एखाद्याचं आडनाव स्मिथ असेल तर बिल्ल्यावर ते होतं सुमिसु. पोरगा आरशासमोर उभा राहून बिल्ल्याकडे बघतो, पण आरशात तर अक्षरं अजूनच उलटी.

तसा पहिला आठवडा हल्ली घरूनच होतो, लॅपटॉपवर, कोविडच्या काळात ते सुरू झालं आणि राहिलं. पण बेडरूममध्ये बसून शिकणं वेगळं आणि इथे वर्गात शिरल्यावर शिक्षक पहिल्या मिनिटापासून इंग्रजी बोलतच नाही, हे वेगळं. शिक्षक म्हणजे कोणी पांढऱ्या केसांचे प्रोफेसर नाहीत, बहुतेक बावीस-तेवीस वर्षांचे कॉलेजचे विद्यार्थी, जे स्वतः दोन वर्षं जपानला राहून आलेत. हाजिमेमाश्ते, म्हणतो तो. पोरं एकमेकांकडे बघतात.

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधल्या वेळात व्यायाम, जेवण, वर्ग, स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, भाषेचा अभ्यास, परत वर्ग. जोडीने म्हणजे प्रत्येकाला एक कम्पॅनियन दिलेला असतो, तो तुम्ही निवडायचा नाही, आणि आंघोळ सोडली तर बाकी सगळं त्याच्याबरोबरच. जेवायला, वर्गात, लॉन्ड्रीत, प्रार्थनेला. आपल्या पोराचा कम्पॅनियन आयडाहोतला, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, फारसं न बोलणारा. याचं तोंड घरी एक मिनिट बंद नसायचं. दोघांना एका खोलीत टाकलंय. असे पाच-सहा जोड मिळून एक डिस्ट्रिक्ट होतं, सगळ्यांची भाषा एकच, वर्ग एकच, आणि आठवड्याभरात ते डिस्ट्रिक्टच घर होऊन जातं.

आता जपानीबद्दल थोडं सांगतो, कारण हे मराठी माणसाला ऐकायला फार मजा येते.

इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी अतिशय कठीण जाते. अमेरिकन सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशेबात जपानीला 88 आठवडे लागतात, वर्गातले 2200 तास. या पोरांना मिळतात साधारण नऊ आठवडे. स्पॅनिशवाल्यांना तर सहाच. इंग्रजीत कसं, मी खातो भात, क्रियापद मधेच येऊन जातं. जपानीत वाताशी वा गोहान ओ ताबेमासु. मी, भात, खातो. क्रियापद शेवटी! अगदी आपल्यासारखं. आपल्याला च्या, ला, ने जसे शब्दाच्या मागे चिकटतात तसेच त्यांचे नो, नि, दे. आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रश्न. येता का? किमासु का? शेवटी का! ऐकलं तेव्हा मी उडालोच. आपण छान आहे ना म्हणतो, ते इई देसु ने म्हणतात. भाषेचं नातंबितं काही नाही दोघींचं, पण वाक्य चालतं त्याच वाटेने. आपल्या आजीला समजा या वर्गात बसवलं असतं तर शब्द माहीत नसूनही वाक्य कुठे संपणार ते तिला कळलं असतं, आणि हा पोरगा मात्र दर वाक्याला अर्ध्यात अडकतो, कारण त्याचं क्रियापद घाईघाईने आधीच बाहेर पडलेलं असतं.

(दृश्य: बंद दार. दाराबाहेर दोन मुलं, हातात कागद.)

आणि मग येतो तो दिवस. आठवडासुद्धा झालेला नसतो. दाराच्या पलीकडे एक जपानी माणूस आहे, त्याला जाऊन भेटायचं, आपण कोण ते सांगायचं, त्याच्याशी देवाबद्दल बोलायचं आणि शेवटी प्रार्थना करायची. सगळं जपानीत. तो माणूस म्हणजे खरं तर शिक्षकच, पण तो आत जपानमध्ये भेटलेला कोणीतरी होऊन बसलाय, आणि काही झालं तरी तो त्या भूमिकेतून बाहेर येत नाही. इंग्रजी त्याला येतच नाही.

पोराच्या हातात कागद आहे, त्यावर रोमन अक्षरात वाक्यं लिहिलीयत, आठ-नऊ असतील. रात्री दोघांनी मिळून पाठ केलीयत. दार वाजवतात. आत जातात. पोरगा विसरतो आणि बुटासकट पाय पुढे टाकतो, समोरचा माणूस नुसता खाली बघतो, आणि कम्पॅनियन, तो न बोलणारा, हळूच याची बाही ओढतो. दोघं बूट काढतात. बसतात. पोरगा सुरू करतो, वाताशी वा... वाताशी वा...

मी, मी, आणि पुढे काहीच नाही.

समोरचा वाट बघतो. मदत करत नाही, घाईही करत नाही. घड्याळाचा आवाज येतोय. मला हा क्षण या अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण ज्याला घरी गप्प बस म्हणावं लागायचं, ज्याला आपल्या श्रद्धेबद्दल तासभर बोलता येतं, त्याच्याजवळ आता पन्नास शब्द आहेत आणि त्यातला एकही सापडत नाहीये. कागदाकडे बघितलं तर अक्षरं नाचतायत. मग कम्पॅनियनच बोलतो, एकच वाक्य, शिंजिते इमासु, विश्वास आहे. कशावर, ते त्यालाही सांगता येत नाही. समोरचा मान डोलावतो, हाई. मग प्रार्थना, ती पाठ आहे, तेन नो ओतोसामा, म्हणजे स्वर्गातले बाबा, आणि तिथून आमेनपर्यंत पोरगा जवळजवळ न चुकता जातो.

बाहेर येऊन दोघं जिन्यात बसतात. कोणी काही बोलत नाही. मग शेतावरचा म्हणतो, तू प्रार्थना चांगली केलीस. हा म्हणतो, तू बाही ओढलीस नसती तर. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

भाषा अशीच येते असं मला मनापासून वाटतं. आधी व्याकरण, मग शब्द, मग कधीतरी माणूस, असं नाही. माणूस समोर बसलाय आणि त्याला काहीतरी सांगायचंय, आणि येत नाहीये, त्या न येण्यातून. आपल्याकडेही हे घडून गेलंय. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्याला आला आणि 1616 साली त्याचं क्रिस्तपुराण छापून झालं, मराठी ओवीत. विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी श्रीरामपूरला, तिकडे बंगालमध्ये, वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकला आणि 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं. 1813 ला अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत उतरले आणि मराठीला लागले. या प्रोव्होवाल्या चर्चचे ह्यू फिंडले तर 1852 मध्ये मुंबईत आले, पुढे पुण्यातही राहिले. यातल्या प्रत्येकासमोर कुणीतरी आपला माणूस बसला असणार, वाट बघत. त्या वैजनाथ पंडितांबद्दल मला फार वाटतं. व्याकरणावर नाव कॅरीचं आहे, पण चुकलेलं मराठी रोज कानावर घेऊन ते सरळ करून देणारे ते होते.

आणि जपानला या चर्चचे पहिले चौघं गेले 1901 साली, योकोहामाला उतरले. त्यांच्यातला आल्मा टेलर नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. निघायच्या आधी एमटीसी नाही, शिक्षक नाही, काही नाही. तो 1910 पर्यंत तिथेच राहिला आणि 1909 ला त्याने केलेलं बुक ऑफ मॉर्मनचं, म्हणजे या चर्चच्या धर्मग्रंथाचं, जपानी भाषांतर छापून झालं. एकोणीस वर्षांचा, आपल्या पोरापेक्षा एका वर्षाने मोठा.

रविवारी वर्ग नसतात. प्रार्थनासभा, गाणी, दुपारी चालायला जायचं. समोरच त्यांचं टेंपल आहे, 1972 चं, 2024 पासून ते नव्याने बांधायला घेतलंय. रविवारी आणि मंगळवारी संध्याकाळी मोठी सभा असते, हजारो पोरं एका हॉलमध्ये, आणि समोर गाणारा कॉयरही यांच्यातलाच. पोरगा घरी कधी गायला नाही पण इथे कॉयरमध्ये उभा राहतो, कारण तिथे तरी तो अडखळत नाही.

(दृश्य: वॉशिंग मशीनचं गोल दार, आत फिरणारे पांढरे शर्ट.)

मग येतो आठवड्यातला तो एक दिवस, पी-डे म्हणतात, प्रिपरेशन डे. प्रत्येक ग्रुपचा वार वेगळा. कपडे धुवायचे, केस कापायचे, घरी मेल लिहायचे आणि व्हिडिओ कॉल करायचा. हा कॉल 2019 पासून दर आठवड्याला करता येतो, त्याआधी वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. दोन वर्षांत चार फोन. त्या काळातल्या आयांनी कसे काढले असतील दिवस!

कॉल लागतो. आई विचारते जेवतोस ना, बाबा विचारतात थंडी आहे का, सगळीकडच्या आई-बाबांसारखंच. मागून धाकटी बहीण येते, गाडीतून न उतरलेली, आणि म्हणते, मला काय म्हणतात जपानीत? तो म्हणतो, इमोउतो. म्हणजे काय? म्हणजे धाकटी बहीण. मोठीला वेगळा शब्द आहे. आपल्याला ताई आणि दादा असल्यामुळे यात काही नवल वाटत नाही, पण इंग्रजीत मोठी असो की धाकटी, सिस्टर ती सिस्टरच, त्यामुळे ती पोरगी एकदम खूष होते. आपल्या एकटीसाठी एक शब्द आहे तिकडे. मग विचारते, आणि तुला मी काय म्हणायचं? ओनीसान. ती म्हणून बघते. ओनीसान. दादा.

पोरगा फोन जरा बाजूला धरतो. मशीनमधले शर्ट अजून फिरतायत.

नऊ आठवड्यांत जपानी येत नाही, हे इथल्या शिक्षकांना चांगलं माहितेय, ते लपवतही नाहीत. जपानला उतरल्यावर पहिले कित्येक महिने समोरचं बोलणं डोक्यावरूनच जाणार आहे. पण दुसऱ्या आठवड्यात जेव्हा ते परत त्या दाराच्या आत जातात, बूट काढून, तेव्हा पोरगा पहिल्यांदाच कागद खिशात ठेवतो. आणि स्वतःचं काही सांगायच्या आधी समोरच्याला विचारतो, गो-काझोकु वा इमासु का? घरचे आहेत का? शेवटी का, बरोब्बर जागेवर. समोरचा माणूस हसतो आणि बोलायला लागतो, खूप बोलतो, त्यातलं पोराला एक-दोनच शब्द कळतात. हाहा म्हणजे आई, एवढं कळतं. तो मान डोलावत ऐकत राहतो.

(दृश्य: बुधवार. तोच फुटपाथ.)

आज गाड्या परत आल्यात. आज बॅग उचलायची पाळी याची आहे. एक डिकी उघडते, मिठ्या होतात, आणि पोरगा पुढे जाऊन एक बॅग हातात घेतो. चल, म्हणतो. वळणापाशी नवा मुलगा मागे बघतो, गाडी निघून गेलेली असते. आत गेल्यावर त्याला बिल्ला मिळतो, काळा, पांढऱ्या अक्षरांचा. तो हातात धरून तसाच उभा राहतो. हे काय लिहिलंय?

पोरगा वाकून बघतो. मग अक्षरावर बोट ठेवत, एकेक करून, सावकाश, त्याला त्याचं नाव वाचून दाखवतो.