पहिला चीक आणि बाळाचं आतडं

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर, येळ्ळूर, उचगाव, निपाणी, कुठल्याही गावातल्या गोठ्यात जा. म्हैस व्याली की घरधनी आधी काय बघतो? रेडकू उठलं का आणि आचळाला लागलं का. चीक त्याच्या पोटात गेल्याशिवाय तो तिथून हलत नाही. खरवस होतो तो नंतर. त्याच घरात सून बाळंत झाली की मात्र कुणीतरी सांगतं, पहिलं दूध पिवळं आहे, चिकट आहे, साचलेलं आहे, पिळून टाक. आणि दूध उतरेपर्यंत बाळाला मधाचं बोट, गुळाचं पाणी, नाहीतर गाईचं दूध पाणी घालून. रेडकाला मिळतं ते आपल्या लेकराला मिळत नाही. आज मी बोलणार आहे ती या चिकाबद्दल, आणि तो जिथे जातो त्या आतड्याबद्दल.

रेडकू आणि लेकरू यांत एक फरक आहे, तो आधी सांगते. आजाराशी लढणारी प्रतिपिंडं रेडकाला आईच्या पोटात असताना मिळत नाहीत, म्हशीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून जन्मल्यावर साधारण एक दिवस त्याचं आतडं चिकातली प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात ओढून घेतं. आपल्या बाळाला मात्र रक्तातली प्रतिपिंडं वारेतूनच आलेली असतात, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. मग याला चीक कशाला, असं एखादा शिकलेला जावई विचारेल. प्रश्न रास्त आहे. रक्ताची सोय झालेली असते, आतड्याची व्हायची असते. आईच्या चिकात भरपूर असतात ती आयजीए नावाची प्रतिपिंडं. त्यांचं काम रक्तात नसतंच. ती आतड्याच्या अस्तरावर पसरून राहतात आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत.

आणि हे अस्तर जन्मतः कच्चं असतं. पेशी-पेशींमधल्या फटी अजून नीट मिटलेल्या नसतात. चिकात पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक असतात, ते हे अस्तर पक्कं करायला मदत करतात. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं, म्हणजे जंतूंना वाढायला लोह मिळत नाही. जिवंत पांढऱ्या पेशीसुद्धा त्यात असतात. हातानं वाटीत काढला तर पहिल्या दिवशीचा चीक एका वेळेला जेमतेम चमचाभर निघतो. वाटीचा तळही नीट झाकत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्यानं काय होतंय? बाळाचं पोटही त्या दिवशी तेवढंच लहान असतं, त्याला तो पुरतो. शिवाय चीक सारक आहे. पहिली काळी, डांबरासारखी शी त्यानं लवकर बाहेर पडते, आणि ती लवकर गेली की कावीळ वाढायची भीतीही कमी होते.

आता मला सगळ्यात नवल वाटतं ती गोष्ट. आईच्या दुधात लॅक्टोज ही साखर सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्निग्ध पदार्थ, आणि तिसऱ्या क्रमांकावर ऑलिगोसॅकराइड नावाच्या गुंतागुंतीच्या शर्करा. प्रथिनांच्याही बरोबरीनं, पुष्कळदा जास्तच. नेहमीच्या दुधात लिटरला ५ ते १५ ग्रॅम, चिकात २० ग्रॅमच्या वर. दीडशेहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेलेत. आणि बाळाला यातलं जवळजवळ काहीच पचत नाही! आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन, स्वतःची शिदोरी खर्चून, बाळाला न पचणारी वस्तू का बनवत असेल?

कारण ते जेवण बाळासाठी नसतंच. या शर्करा न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या बायफिडो नावाच्या जिवाणूंना खाद्य होतात. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे दोन फाटे फुटलेले जिवाणू दिसले होते. ते या शर्करा खाऊन आम्लं तयार करतात. आतडं थोडं आंबट झालं की जुलाब करणाऱ्या जंतूंना तिथे बस्तान बसवणं अवघड जातं. त्याच आम्लांचा आतड्याच्या पेशींनाही फायदा होतो. आणखी एक गंमत अशी, की काही जंतू आतड्याला चिकटायचं सोडून फसून या शर्करांनाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर जातात. गाईच्या दुधात या शर्करा नावापुरत्या असतात. अलीकडे महागड्या डब्यांतल्या पावडरींमध्ये यातले एक-दोन, फार तर पाच-सहा प्रकार घालू लागलेत. दीडशेच्या पुढे हे किती, तुम्हीच बघा.

आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. समजा निपाणीची सून खानापूरकडच्या माहेरी आली. पावसाळ्याचे दिवस, विहिरीचं पाणी गढूळ. त्या घरातले, त्या पाण्यातले जंतू आधी आईच्या पोटात जातात. तिच्या आतड्यात त्यांची ओळख पटते, ती ओळख घेतलेल्या पेशी रक्तातून स्तनांत पोचतात आणि नेमकी त्याच जंतूंवरची प्रतिपिंडं दुधात उतरू लागतात. म्हणजे जिथे बाळ राहतं, तिथल्याच आजारांवरचा बंदोबस्त. हे कुठल्या डब्यात मिळणार?

म्हणून पहिले सहा महिने दुसरं काही नको. पाणीसुद्धा नको, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही नको, दुधात ते पुरेसं असतं. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं किंवा थेंब तेवढे द्यावेत. मध तर वर्षभर नकोच. त्यात बोट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. गुटीबद्दल बोललं की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात, मला ठाऊक आहे. पण सहाण, पाणी, उगाळणारं बोट, यांतलं उकळलेलं काय असतं? आजींनी बाळाला तेल लावावं, शेक द्यावा, बाळंतिणीला अळिवाची खीर करून घालावी. सहाण सहा महिने फडताळात राहू दे.

सगळा दोष आजींवर टाकणंही बरोबर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली, आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं होती ४१.८ टक्के. मग त्या तासात मूल कुठे असतं? कुठे वजनाच्या काट्यावर, कुठे दुपट्यात गुंडाळून पाहुण्यांच्या हातात. सिझेरियन झालं असलं तरी आई शुद्धीवर असली की कुशीवर वळवून पाजता येतं. नर्सबाईंना तसं मागा, लाजू नका. ‘तायी’ कार्डावरचं, म्हणजे दवाखान्यातून मिळणाऱ्या आई-बाळाच्या नोंदीच्या कार्डावरचं, कन्नड वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. अशा बाळांच्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा एक गंभीर आजार होतो, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांत त्याचं प्रमाण कमी आढळतं. बाळ काचेच्या पेटीत असलं, ओढता येत नसलं, तरी चीक हातानं काढून नर्सकडे द्या, नळीतून पाजता येतो.

शेवटी लंगोटाबद्दल. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत शी काळ्याची हिरवट आणि मग हळदीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार होते. दिवसात सात-आठ वेळा झाली तरी तो जुलाब नव्हे. दीड महिन्यानंतर एखादं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही. पोट मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि दिवसाला सहाएक वेळा शू होत असेल तर साबणाची कांडी लावू नका. पण हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेलं ताणलेलं पोट, पांढरट शी किंवा पाचव्या दिवसानंतरही शू कमी, यांतलं एकही दिसलं तर सकाळची बस येईपर्यंत थांबू नका, मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

नमस्कार.