स्लीपर ऑर्किड विदर्भात जगतं, पण पाणी कुठलं घालता ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागच्या खिडकीत एक फूल दिसलं आणि कमेंटमध्ये त्याचीच विचारपूस सुरू झाली. "ताई, ते चपलीसारखं फूल कायचं हाय? आपल्याकडं जगते काय?" ते स्लीपर ऑर्किड, म्हणजे पॅफिओपेडिलम, थोडक्यात पॅफ. आणि हो, जगतं. दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, तिथं जगतंय.

मूळ गोष्टी भराभर सांगते. माती नको, काळी माती तर नकोच. पाइनची साल, लाकडी कोळसा, थोडं परलाइट (हलके पांढरे खडे), बस. थेट ऊन नको, उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी द्या. पानांवर गडद-फिकी नक्षी असलेले संकर घ्या, मॉडी प्रकारातले. साध्या हिरव्या पानांच्या बऱ्याच जातींना फुलायला थंड रात्री लागतात, त्यांच्या मागे लागू नका. आणि रोप नर्सरीत वाढवलेलंच घ्या, बिल मागा. जंगलातून उपटलेलं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. पॅफच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, आपल्या वन्यजीव कायद्यातही त्यांना संरक्षण आहे. मेळघाटात मिळेल का, असं कोणीतरी विचारलंय. नाही. तिथं झाडांवर दिसते ती आमरी वेगळी. आपल्या देशात ही मंडळी ईशान्येकडची, हिमालयाच्या पायथ्याची. ड्रुरी नावाची एक जात तेवढी पार दक्षिणेत, अगस्त्यमलईच्या डोंगरात.

आता पाणी. इथं घाई करणार नाही.

(कुंडी कॅमेऱ्याजवळ)

ही कुंडी एका ताईंनी माझ्याकडे आणून दिली. पानांची टोकं बघा, तपकिरी, वाळलेली. त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी वाढवलं. टोकं आणखी वाळली. आता कुंडीचा काठ बघा. हा पांढरा थर दिसला? हे क्षार आहेत. बोअरचं पाणी होतं. पाणी उडून जातं, क्षार सालीत राहतात आणि मुळांची कोवळी टोकं जाळतात. मूळ जळालं की पाणी कितीही घाला, पानापर्यंत पोहोचतच नाही.

या झाडाला पाणी साठवायला कंद नसतो. त्यामुळे साल कधीच पूर्ण सुकू द्यायची नाही, आपल्या उन्हाळ्यात वरचेवर पाणी घालावंच लागतं. पाणी खारं असेल तर वरचेवर क्षारही घालताय.

पटत नसेल तर घरातला माठ बघा. बाहेरून पांढरा फुलोरा येतो ना? कूलरच्या ताट्या बघा, हंगाम संपता संपता कशा कडक होतात. तेच क्षार, तीच करणी. म्हणून कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी या झाडाला कधीही नाही. टाकीत दिवसभर पाणी उडत राहतं, उरतं ते मूळ पाण्याहून खारट.

आणि आता जे प्रत्येक व्हिडिओखाली वाचते आणि जीव तुटतो ते. "ताई, आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही ऑर्किडला घालतो." बापा, नका घालू! आरओनं तुमच्या प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसा, भांडी विसळा, पण पॅफला नाही. त्याला द्यायचंच असेल तर आरओचं शुद्ध पाणी द्या.

सगळ्यात चांगलं पावसाचं. आमच्याकडे सासरे टिनाच्या छपराला पन्हाळ लावून ड्रम भरतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, ड्रमला झाकण हवंच, नाहीतर डास. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मिळतो, घेऊन ठेवा. आकडा 150 च्या आत असला की मी निर्धास्त असते. अधूनमधून कुंडीतून भरपूर गोडं पाणी आरपार वाहू द्या, साचलेले क्षार निघून जातात. फक्त पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, गाभा सडतो.

नवतप्यात मी कुंड्या माजघरात, माठाशेजारी ठेवते, तिथं गारवा असतो. कूलरच्या झोतात ठेवत नाही, उडणाऱ्या थेंबांसोबत क्षार पानांवर बसतात.

फूल किडे खातं का, हाही प्रश्न आलाय. खात नाही. किडा फुलाच्या त्या चपलीसारख्या पिशवीत घसरतो, आतल्या केसांवरून मागच्या बाजूनं चढून बाहेर पडतो आणि जाताना पाठीवर पराग घेऊन जातो. बस, एवढंच काम आहे पिशवीचं.

आता फोटो. चांगल्या फोटोची तयारी कळी असतानाच होते. कळी दिसली की कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका. कळी उजेडाकडे तोंड करते, तुम्ही रोज फिरवलीत तर फूल वाकडं उघडतं आणि मग कुठूनही फोटो काढा, ते तिरकंच दिसतं. उघडल्यावर दोन-चार दिवस थांबा, पाकळ्या पूर्ण पसरू द्या.

सकाळी खिडकीजवळ, पंखा बंद करून काढा. मागं हातभर अंतरावर काळी ओढणी, सावलीच्या बाजूला पांढरं थर्माकोल. मोबाइल पिशवीच्या उंचीला आणा, वरून नको. अगदी जवळ जाऊ नका, पिशवी फुगलेली दिसते. दोन पावलं मागं या आणि दुप्पट झूम करा. पिशवीच्या कडेवर बोट टेकवून फोकस घ्या, उजेड थोडा कमी करा, नाहीतर ती चमक पांढरी फटक येते. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण पाकळ्यांच्या कडेचे बारीक केस आणि काळे ठिपके तो पुसून टाकतो. हे बघा, हे केस. यांच्यासाठीच तर फोटो काढायचा.

झाड आजारी असेल तर मला फोटो पाठवताना कुंडीचा काठ, पानांचं टोक दोन्ही दाखवा, आणि पाणी विहिरीचं, बोअरचं की नळाचं, ते लिहायला विसरू नका.