न फुटलेली काच

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते न घडलेल्या गोष्टींच्या आठवणींविषयी.

1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ असं विचारलं, तर काहींना ‘जोरात आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा शब्द वापरून. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी पहिल्या गटात 50 पैकी 7 जण ‘हो’ म्हणाले आणि दुसऱ्या गटात 50 पैकी 16.

यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं, हे कृपया ध्यानात घ्या. मेंदू प्रसंग जसाच्या तसा साठवत नाही. त्याचे तुकडे ठेवतो आणि आठवताना ते पुन्हा जुळवतो. मधल्या फटी अंदाजाने भरतो, इतरांकडून ऐकलेल्या गोष्टींनी भरतो, विचारणाऱ्याच्या शब्दांनीही भरतो. तपशील मनात राहतो, पण तो पाहिलेला, ऐकलेला की नुसता कल्पिलेला, हे मात्र विसरायला होतं.

मग ती आठवण खरी का वाटते? कारण खरेपणा पारखताना मन बहुतांशी पाहतं ते एवढंच: चित्र किती ठळक आहे आणि किती सहज समोर येतं. एखादी गोष्ट वारंवार सांगितली, मनात रंगवली, की ठळकपणा आणि सहजता दोन्ही वाढतात, मग ती घडलेली असो वा नसो. 1986 मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचा स्फोट झाला. ती बातमी आपल्याला कशी कळली, हे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची हकिगत पार बदललेली, आणि ती ते ठामपणे सांगत होते! स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी जुनी आठवण परतली नाही.

यावरून पीडितांच्या सांगण्यावरच संशय घेणं मला अन्यायाचं वाटतं. बहुतेकदा प्रसंगाचा गाभा नीट आठवतो. जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. लहान मुलाला ‘त्याने तुला मारलं ना?’ असं विचारू नये. ‘काय झालं, सांग’ म्हणावं आणि थांबावं. साक्षीदारासमोर ओळखपरेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊकच नसावं. साक्षीदाराला किती खात्री वाटते, हेही त्याच क्षणी, त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्यावं. कारण नंतर कुणी नुसतं ‘बरोबर ओळखलंत’ म्हटलं, तरी त्याची खात्री वाढते, आणि आपण तो चेहरा अगदी स्पष्ट पाहिला होता, असंही तो मनापासून सांगू लागतो.